भोनचा स्तूप आणि इतिहासप्रेमी मंडळांचे कर्तव्य

बुलढाणा जिल्ह्याचे नाव निघाले की सिंदखेडराजा आणि लोणार ही दोन स्थळे सर्वांच्या मुखी येतात. संग्रामपूर तालुक्यातील पूर्णाकाठचे भोन हे गाव मात्र आपल्या पुष्कळ उपासकांना ऐकूनही ठाऊक नसते. २००२ नंतरच्या काही वर्षांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. बी. सी. देवतारे व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा भाजक्या विटांच्या स्तूपाचे अवशेष उजेडात आले. उत्खननकर्त्यांनी त्याचा काळ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा मानला आहे. भाजलेल्या मातीची कडी एकावर एक बसवून केलेल्या विहिरी आणि एका प्राचीन कालव्याच्या खुणाही त्यांना तेथे आढळल्या. पूर्णेचे हे खोरे खारपाणपट्ट्यात मोडते. गोड्या पाण्याचा प्रश्न येथे दोन हजार वर्षांपूर्वीही होता, असे मानावयास त्यामुळे जागा आहे.

त्याच नदीवर, नांदुरा तालुक्यात, जिगावचे धरण होत आहे आणि भोनचे प्राचीन स्थळ त्याच्या बुडीत क्षेत्रात येते. धरणाला विरोध करणे हा आमचा हेतू नव्हे. त्या पाण्याची वाट पाहणारा शेतकरी आपलाच आहे, घरदार सोडून जाणाराही आपलाच. परंतु धरण झाले म्हणजे वारसा बुडालाच पाहिजे, असे नाही. आंध्रातील नागार्जुनकोंडा खोरे नागार्जुनसागराखाली जाणार हे ठरल्यावर तेथे १९५४ ते १९६० या काळात मोठे उत्खनन झाले आणि निवडक वास्तू उचलून उंच जागी पुन्हा उभारण्यात आल्या.

एवढे मोठे कार्य शासनानेच करावयाचे असते. मग गावोगावच्या इतिहासप्रेमी मंडळांनी काय करावे? पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली आणि नागपूरचे विदर्भ संशोधन मंडळ १९३४ साली स्थापन झाले. तेवढा ग्रंथसंग्रह वा तेवढे विद्वान गावच्या मंडळाजवळ नसतील. पण त्याच्याजवळ एक मोठी गोष्ट असते, ती म्हणजे रोजची नजर.

जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे पांढरी म्हणतात. तेथील माती शेतात टाकण्यासाठी वा धाब्यासाठी गाडीगाडीने नेली जाते. जुन्या विटा ओट्याला लागतात. नेणाऱ्याचा त्यात दोष नाही, त्याला कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून मंडळाचे पहिले काम सांगण्याचे. वीट उचलली की तिचे जागेशी असलेले नाते तुटते, आणि त्या नात्यावरूनच तर स्तूपाचा काळ ठरतो. वीट सापडल्यास ती तेथेच ठेवावी. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. गट क्रमांक, तारीख आणि प्रथम पाहणाऱ्याचे नाव वहीत लिहावे व पुरातत्त्व खात्यास कळवावे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे १८७८ च्या कायद्यानुसार बंधनकारक आहे. हौसेने कुदळ मारणे हे मंडळाचे काम नव्हे. श्रमदान करावयाचे तर काटेरी झुडपे तोडावीत, कचरा काढावा, आणि तेही खात्याच्या अनुमतीने. श्रद्धेपोटी जुन्या अवशेषावर चुना फासणे किंवा सिमेंटचा चौथरा बांधणे हेही नुकसानच होय. हे आपल्याच माणसांना सांगणे अवघड जाते, तरी सांगितले पाहिजे.

स्थळे पाहण्याची ही ओढ आपल्या चळवळीला नवी नाही. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहावयास निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यात हौदाच्या पाण्याला स्पर्श केला म्हणून त्यांना अपमान सोसावा लागला. ज्यांना पाण्यापासून दूर ठेवले, त्यांच्याच वारसदारांपुढे आज भोनचा वारसा पाण्यापासून कसा वाचवावा, हा प्रश्न आहे.

दुसरेही एक काम आहे आणि त्यासाठी कोणाच्या अनुमतीची गरज नाही. बुडीत गावांतील वृद्ध स्त्री-पुरुषांकडून शेतांची, टेकाडांची, घाटांची जुनी नावे लिहून घ्यावीत. पुनर्वसनात नवी गावठाणे मिळतात, पण ही नावे कोणत्याही पंचनाम्यात नोंदली जात नाहीत. वर्षावासात विहारात जमणाऱ्या उपासिकांनी, शाळेतील मुलामुलींना लेखनास बसवून, हे काम हाती घ्यावे. वहीच्या दोन प्रती कराव्यात. एक विहारात ठेवावी, दुसरी तालुक्याच्या वाचनालयात द्यावी.