परसातील कोंबड्यांचा टोच-क्रम

शिरूर तालुक्यातील पाबळसारख्या कमी पावसाच्या गावी परसातील पाचदहा कोंबड्या म्हणजे घरातील स्त्रीच्या हाती पडणारा थोडाफार रोख पैसाच होय. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तेथे स्थापिलेल्या विज्ञान आश्रमाच्या 'हाताने काम करीत शिकावे' या पद्धतीत शेती व पशुपालन यांनाही स्थान आहे. निरीक्षणाने शिकण्याजोगे पुष्कळसे खुराड्यातही सापडते. दाणे टाकताच एखादी तलंग मागे सरते, दिवसेंदिवस रोडावते, अंडी देईनाशी होते. तिला रोगट समजून विकले अथवा कापले जाते. तथापि पुष्कळदा दोष तिच्या प्रकृतीचा नसून कळपातील तिच्या पायरीचा असतो.

ही पायरी प्रथम शास्त्रीय रीतीने नोंदविली ती नॉर्वेमधील थोर्लेइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी. १९२२ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानंतर ही कल्पना जगभर रूढ झाली. मराठीत तीस 'टोच-क्रम' म्हणता येईल. पहिली कोंबडी दुसरीस टोचते, दुसरी तिसरीस. खालची मात्र उलट टोचीत नाही. कोंबड्यांचा क्रम वेगळा व कोंबड्यांतील नरांचा वेगळा. पक्षी एकमेकांस मुख्यतः तुरा व डोके यांवरून ओळखतात. क्रम एकदा ठरला की मान उंचावणे पुरेसे होते, मारामारी थांबते. म्हणजे हा क्रम भांडणाचे मूळ नसून भांडण मिटविण्याची व्यवस्था आहे.

'कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही' अशी म्हण आहे. जपानमधील शिमुरा व योशिमुरा यांनी २०१३ साली दाखविले की, सतत मंद प्रकाशात ठेवलेला कोंबडाही अंगभूत कालज्ञानाने वेळेवर आरवतो. २०१५ सालच्या त्यांच्या अभ्यासात सर्वांत वरचा नर प्रथम आरवतो व बाकीचे पायरीप्रमाणे त्यामागून, असे आढळले. त्यास दूर करताच दुसरा आरंभ करू लागला.

यावरून व्यवहाराचे नियम निघतात. अंडी देण्यास नराची गरज नसते. पिले हवी असल्यास आठदहा कोंबड्यांमागे एक नर पुरतो. जास्त नर असल्यास ते वेगळे ठेवावेत, अन्यथा माद्यांच्या पाठीची पिसे जातात. दाणे व पाणी दोनतीन ठिकाणी, एकमेकांपासून दूर ठेवावे; वरचढ कोंबडी सर्व जागा एकाच वेळी अडवू शकत नाही. नवी कोंबडी एकटी एकदम सोडू नये. प्रथम काही दिवस ती वेगळी ठेवून प्रकृती पाहावी, मग जाळीआड ठेवून ओळख होऊ द्यावी, आणि शक्य तर दोघीतिघींना एकत्र सोडावे. रक्त दिसताच इतर पक्षी त्याच जागी टोचतात, म्हणून जखमी पक्षी तत्काळ बाजूस करावा. मात्र तो फार दिवस दूर राहिल्यास परतल्यावर त्यास आपली जागा पुन्हा मिळवावी लागते. यास्तव त्यास जाळीपलीकडे, इतरांच्या नजरेसमोर ठेवणे बरे. अंगावर येणाऱ्या नरास मुलांनी डिवचू नये.

टोच-क्रम मोडता येत नाही व मोडण्याचे कारणही नाही. तळच्या पक्ष्यास पोटभर दाणा व पळावयास जागा मिळाली, की तीच रोडावलेली तलंग पुष्कळदा पुन्हा अंड्यावर येते.