तोंडवलीला जाताय? घड्याळाआधी तिथी बघा

मार्च उजाडला की मालवणकडे गाड्या वळतात. तारकर्लीची गर्दी नको असलेले उत्तरेला तोंडवली गाठतात. इथे एका बाजूला अरबी समुद्र, दुसरीकडे गड नदीची कालावल खाडी. मधली वाळूची पट्टी तळाशीलकडे निमुळती होत जाते.

दिवस कोणता निवडाल?

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. तेव्हा कोकण किनाऱ्यावर भरती साधारण अकरा-बाराला येते, ओहोटी सकाळ-संध्याकाळी. म्हणजे ऊन नसताना चालायला रुंद, घट्ट वाळू. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे अष्टमीला गणित उलटं: ओहोटी भर दुपारी, तीही भांगाची, म्हणजे पाणी फार मागे हटत नाही. दुपारी जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते आणि खारा वारा सुटतो. ती वेळ सुरूच्या सावलीत काढावी.

गाडी वाळूवर का नको?

ही पट्टी आधीच नाजूक आहे. तळाशीलला पावसाळ्यात समुद्र किनारा कुरतडतो. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी जुनीच. शिवाय इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. एका घरट्यात शंभरेक अंडी, दीड-दोन महिने वाळूखाली. वरून काहीच दिसत नाही, चाकाला तर नाहीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ही कासवं अनुसूची १ मध्ये आहेत.

पिल्लं उजेडाच्या दिशेनं धावतात. अंधार पडल्यावर थांबणार असाल, तर मोबाइलचा टॉर्च बंद ठेवा. फ्लॅशही.