चालीची नोंद

आपल्या घराघरांत स्तवनांच्या वह्या जपलेल्या असतात. पर्युषणात त्या बाहेर निघतात आणि शब्द सापडतात. चाल मात्र ज्यांच्या कंठात होती, ती माणसे एकेक करून जात आहेत. आई गेली तेव्हा तिच्या वहीतील एका स्तवनाची चाल घरात कोणालाच पूर्ण येत नव्हती. ती केवळ आत्यांना आठवत होती, आणि आत्यांचे वय ८७.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी सतार शिकू लागलो होतो. ही चाल सतारीसाठी बांधून लिहून ठेवावी, असे मी ठरविले. त्यासाठी पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची स्वरलेखनपद्धती घेतली. व्यवसायाने वकील असलेले भातखंडे स्वतः सतार शिकले होते. त्यांची चिन्हे मोजकी आहेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकासाठी स्वराखाली बिंदू, तार सप्तकासाठी वर बिंदू. समेला गुणाकाराचे चिन्ह, खालीला शून्य. आठ मात्रांच्या केरव्यात चार-चार मात्रांचे दोन रकाने पाडले की हिशेब चोख बसतो.

सतारीसाठी मात्र एवढे पुरत नाही. गळा स्वर धरून ठेवू शकतो. तारेचा नाद छेडताक्षणी विरू लागतो. म्हणून प्रत्येक स्वराखाली आघाताचा बोलही लिहावा लागतो. नखी आत ओढली की ‘दा’, बाहेर नेली की ‘रा’, आणि एका मात्रेत दोन्ही जलद आले की ‘दिर’.

पहिला मसुदा मी आत्यांना वाजवून दाखविला. ‘रे ग म’ या तीन स्वरांना मी तीन आघात दिले होते. आत्या म्हणाल्या, “अरे, हे तर तुकडे झाले. तिथे सूर तुटत नाही, वळतो.” स्वर बरोबर होते, चाल चुकली होती. मग रिषभाच्या पडद्यावर एकच ‘दा’ दिला आणि तार आडवी ओढून गंधार, मध्यमापर्यंत नेली. कागदावर तीन स्वरांवर मींडेची कमान आली आणि दोन बोल खोडले गेले. आत्यांनी डोळे मिटून पुढची ओळ गुणगुणायला सुरुवात केली.

ध्वनिमुद्रण का नाही, असे कोणी विचारील. तेही अवश्य करावे. परंतु मुद्रणात चाल ऐकू येते. लेखनात कोठे थांबायचे, कोठे वळायचे, हे कळते. खरा पडताळा पुण्याच्या नातीने दिला. तिने ही चाल कधी ऐकलेली नव्हती. कागद समोर ठेवून तिने ती सतारीवर वाजविली, आणि दूरध्वनीवर ऐकणाऱ्या आत्यांनी एकही चूक काढली नाही.

‘संगीतसमयसार’ हा संगीतशास्त्रावरील ग्रंथ लिहिणारे पार्श्वदेव जैनच होते. शास्त्र लिहून ठेवणाऱ्यांचा हा वारसा आपला आहे. या चातुर्मासात घरातील वडीलधाऱ्यांपाशी बसून एका तरी स्तवनाची चाल लिहून घ्यावी. वहीतील शब्दांशेजारी तेवढी जागा निश्चित असते.