घरांतील विमान : खेळ कीं विद्या ?

ठाणें, डोंबिवली, कल्याण या भागांतील सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं एक नवा वाद शिरला आहे. घरांतील मुलगा किंवा मुलगी संगणकापुढें बसून विमान चालवीत असते. आजोबा म्हणतात, हा निव्वळ कालापव्यय. काका म्हणतात, निदान पोर डोळ्यांसमोर तरी आहे. आणि आई विचारते, "संगणकांत इतकीं विमानें आधींच असतांना आणखी एकासाठीं पैसे कशाला ?" आमच्या मतें तिघांत आईचा प्रश्न सर्वांत मार्मिक आहे. त्याचें उत्तर नीट शोधलें म्हणजे बाकीच्या दोघांच्या म्हणण्याचाही निकाल लागतो.

प्रथम हें कृत्रिम उड्डाण आलें कोठून, तें पाहूं. अमेरिकेंतील एडविन लिंक हा ऑर्गन व स्वयंवादक पियानो तयार करणाऱ्या घराण्यांतला. त्याला विमान चालविण्याची मोठी हौस, पण शिकवणी फार महाग. तेव्हां वडिलांच्या कारखान्यांतील भाते वापरून त्यानें १९२९ च्या सुमारास एक लहानसें बैठें विमान रचलें. आपल्या पेटीचा भाता हवा भरून सूर काढतो. लिंकचे भाते हवा भरून त्या विमानाला डावीउजवीकडे झुकवीत. आरंभीं त्याचीं गिऱ्हाइकें म्हणजे बहुधा करमणुकीच्या उद्यानांचे मालक ! परंतु १९३४ सालीं अमेरिकन सैन्याकडे टपालाची नेआण सोंपविण्यांत आली आणि धुक्यावादळांत केवळ यंत्रांवर भिस्त ठेवून उडण्याची संवय नसल्यामुळें थोड्याच आठवड्यांत अनेक वैमानिक प्राणांस मुकले. मग मात्र सैन्यानें लिंकचीं सहा यंत्रें विकत घेतलीं. आणि दुसऱ्या महायुद्धांत लक्षावधि वैमानिकांनीं अशा यंत्रांवर धडे घेतले. खेळणें आणि गुरु यांमधील अंतर कधीं कधीं किती थोडें असतें, हें यावरून दिसेल.

घरगुती संगणकावर ही विद्या आणली ती ब्रूस आर्टविक यानें. त्याचाच कार्यक्रम मायक्रोसॉफ्टनें १९८२ सालीं 'फ्लाइट सिम्युलेटर' या नांवानें बाजारांत आणला. त्या वेळीं पडद्यावरील चार रेघा म्हणजे भूमि, असें समजून घ्यावें लागे. २०२० सालच्या आवृत्तींत मात्र वरून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारें सारी पृथ्वीच उभी केलेली आहे. जुहूच्या धावपट्टीवरून उडून ईशान्येकडे वळलें कीं विहार व तुळशी हीं तळीं, येऊरचे डोंगर, ठाण्याची खाडी, पारसिकचा डोंगर आणि मग उल्हास नदीकांठची डोंबिवली-कल्याणची दाट वस्ती. जुहू ते कल्याण हें अंतर सरळ रेषेंत सुमारें ३५ किलोमीटर. सेस्ना १७२ सारखें लहान विमान तें दहा-अकरा मिनिटांत तोडतें. कल्याणजवळ नेवाळीस दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्रजांनीं शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी केली होती. त्याच जमिनींवरून २०१७ सालीं तेथें मोठें आंदोलन झालें. आपल्या परिसराचा एवढा भूगोल-इतिहास पोरांनीं कौतुकानें विचारला, तर तो लाभच होय. तथापि देखावा म्हणजे विद्या नव्हे.

आतां आईच्या प्रश्नाकडे वळूं. मूळ कार्यक्रमासमवेत येणारीं विमानें बहुधा फार क्षमाशील असतात. एंजिन थंड असतांना त्याला एकदम पूर्ण शक्ति द्या, तेल पाहूं नका, कसेंही आदळून उतरवा. एक कळ दाबली कीं विमान पुन्हां कोरें करकरीत. याउलट 'ऍड-ऑन' म्हणजे निराळें विकत घेऊन मूळ कार्यक्रमास जोडावयाचें विमान. अशीं विमानें शेंकडों आहेत, व त्यांतील कित्येक नुसतींच सुंदर आहेत. परंतु थोडीं अशीं आहेत कीं, त्यांना स्मरणशक्ति असते. ए-टू-ए सिम्युलेशन्स या मंडळीनें २०२३ सालीं काढलेलें पायपर कोमांची हें त्यांपैकीं एक. मूळ कोमांची १९५० च्या दशकांतील. चार आसनांचें, एका पंख्याचें, २५० अश्वशक्तीचें. संगणकावरील या प्रतिकृतींत उड्डाणापूर्वीं विमानाभोंवतीं फेरी घालावी लागते. टाकीच्या तळाशीं पाणी सांचलें आहे कीं काय, हें पाहण्यासाठीं थोडें इंधन नळींत काढून तपासावें लागतें. कारण पाणी जड असल्यामुळें खालीं बसतें व पहिल्यानें तेंच एंजिनांत जातें. जमिनीवर इंधनाचें मिश्रण दाट ठेवून फार वेळ एंजिन चालविलें, तर स्पार्क प्लगवर काजळी व शिसें धरतें. ज्यांनीं जुनी स्कूटर वापरली आहे, त्यांना हें दुखणें नवें नाहीं.

मुख्य गोष्ट ही कीं, संगणक बंद केला तरी ही झीज पुसली जात नाहीं. दुसऱ्या दिवशीं विमान काल ज्या स्थितींत ठेवलें त्याच स्थितींत उभें असतें. आपल्या शास्त्रांत ज्याला 'संचित' म्हणतात, तेंच हें. सोमवारीं घाईनें केलेली हयगय रविवारीं माथेरानच्या डोंगरावर फळास येते, आणि तेव्हां दोष दुसऱ्या कोणावर ढकलतां येत नाहीं. आईनें विचारलेल्या पैशांचा मोबदला तो हाच : शेंकडों विमानें जें शिकवीत नाहींत, तें कर्त्याचें उत्तरदायित्व हें एक विमान शिकवितें.

एक उदाहरण देतों. आपल्या कोंकणपट्टींतील पावसाळ्यांत, अंगाला घाम सुटत असतां, विमानाच्या एंजिनांत बर्फ होऊं शकतें हें कोणास खरें वाटेल ? पण तें खरें आहे. कार्ब्युरेटरमध्यें इंधनाची वाफ होतांना व अरुंद वाटेंतून हवा खेंचली जातांना तिचें उष्णतामान वीस अंशांहूनही अधिक उतरूं शकतें. हवा दमट असली कीं त्या बाष्पाचें बर्फ होऊन एंजिनाचा श्वास कोंडतो. उपाय म्हणून एक दांडा ओढून तापलेली हवा आंत सोडतात. पण गंमत अशी कीं, बर्फ वितळून पाणी आंत जाऊं लागलें म्हणजे एंजिन क्षणभर अधिकच खडखडतें. नवशिका घाबरून दांडा पुन्हां आंत ढकलतो आणि हातचा उपाय घालवितो. कारण समजलेला विद्यार्थी मात्र धीर धरतो. उपाय लागूं पडण्यापूर्वीं दुखणें वाढल्यासारखें वाटतें, हा अनुभव संसारांतही कांहीं थोडा उपयोगाचा नाहीं !

पुष्कळ मुलांना मोठीं जेट विमानें चालविण्याची हौस असते. पण त्यांत बरेंच काम यंत्रेंच करतात. लहान विमानांत हात, पाय, डोळे व कान सारेच राबतात. जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल आणून जुहूस उतरविलें, तें पस मॉथ या एका पंख्याच्या चिमुकल्या विमानानें. आणि १९८२ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, तोच प्रवास त्यांनीं लेपर्ड मॉथ या तशाच लहान विमानानें पुन्हां केला. विमान लहान म्हणून विद्या लहान ठरत नाहीं.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खुर्ची हालत नाहीं, पोटांत गोळा येत नाहीं, जिवाचें भय नसतें. पडद्यावर शिकलेल्यांना घड्याळांकडेच टक लावून बसण्याची खोड लागते; खऱ्या शिक्षकास ती आधीं मोडावी लागते, कारण लहान विमानांत दृष्टि मुख्यतः बाहेर हवी. शिवाय भारतांत व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यास २०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागतो. घरच्या संगणकावरील हजार तास त्यांत एका मिनिटाचीही भर घालीत नाहींत.

तरीही कुटुंबाच्या दृष्टीनें या खेळाचें मोल थोडें नाहीं. उद्यां हेंच मूल धुळें, बारामती किंवा गोंदिया येथील उड्डाणशाळेंत जाण्याचा हट्ट धरील. तेथील खर्च म्हणजे मध्यमवर्गीय घराण्याची आयुष्यभराची शिल्लक; प्रसंगीं घर गहाण पडतें. एवढी उडी घेण्यापूर्वीं मुलाची आवड खरी आहे कीं आकाशाच्या चित्रावर भाळलेली आहे, हें कांहीं हजार रुपयांत कळत असेल, तर तो सौदा महाग नव्हे.

त्यासाठीं वडील मंडळींनीं चार नियम घालून द्यावे. वर्षभर एकच विमान. प्रत्येक उड्डाणाची वहींत तारीखवार नोंद. तपासणीची यादी हातांत घेतल्याशिवाय एंजिन सुरू करावयाचें नाहीं. आणि अपघात झाला तर कळ दाबून मोकळें न होतां, कारण लिहून काढल्याखेरीज त्या दिवशीं दुसरें उड्डाण नाहीं. सहा महिन्यांनीं ती वही उघडून पाहावी. नोंदी सलग असतील व प्रत्येक चुकीपुढें तिचें कारण असेल, तर आजोबांनीं आपला आक्षेप खुशाल मागें घ्यावा. पानें कोरीं असतील तर मात्र तो केवळ खेळ होता असें समजावें. सुटीच्या दिवशीं तासभर खेळण्यासही हरकत नाहीं, परंतु त्याच्या भरंवशावर घर गहाण टाकूं नये.