अनुदान हातात पडत नाही, कर्जात वळतं होतं

नागपुरात नवा धंदा काढणाऱ्याने आधी सिव्हिल लाइन्समधल्या उद्योग भवनातलं जिल्हा उद्योग केंद्र गाठावं. राज्य सरकारचा ‘मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम’ 2019 पासून इथून चालतो. अनुदान प्रकल्पखर्चाच्या 15 ते 35 टक्के. ते सर्वात जास्त कोणाला? ग्रामीण भागातल्या महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय, दिव्यांग आणि माजी सैनिकांना.

समजा, भिवापूर तालुक्यातल्या खेड्यात एखाद्या ताईंना 10 लाखांचं मिरची कांडप केंद्र टाकायचं आहे. स्वतःचे 50 हजार, बाकी साडेनऊ लाख बँकेचं कर्ज. त्यांचं साडेतीन लाखांचं अनुदान बँकेतच 3 वर्षं ठेव म्हणून राहतं. धंदा चालू असल्याची पडताळणी झाली की ते कर्जात वळतं होतं. हेच केंद्र नागपूर शहरात टाकलं, तर अनुदान अडीच लाखच!

उद्योग केंद्राने शिफारस केली तरी कर्जाचा अंतिम निर्णय बँकेचाच असतो, आणि बरेच अर्ज तिथेच अडकतात. म्हणून अर्जाआधीच शाखा व्यवस्थापकांना भेटा. सोबत यंत्रांची कोटेशनं, जागेचा भाडेकरार आणि माल कोण घेणार याचा हिशेब न्या. अर्ज ऑनलाइन स्वतः भरता येतो, त्यासाठी दलालाला एक रुपयाही देऊ नका.