सातशे वर्षांपूर्वीचा एक अभिप्राय

चेदीच्या राजवाड्यात एक मूल जन्माला येतं. तीन डोळे, चार हात, आणि रडणं गाढवाच्या ओरडण्यासारखं. आईबाप भेदरतात, त्याला टाकून द्यायला निघतात. तेवढ्यात आकाशवाणी होते: ज्याच्या मांडीवर याचे जादा हात गळतील आणि तिसरा डोळा नाहीसा होईल, त्याच्याच हातून याला मरण आहे. पुढे मामेभाऊ श्रीकृष्ण येतो, बाळाला मांडीवर घेतो आणि ते हात गळून पडतात. आई भाच्याकडून वचन घेते की, माझ्या लेकाचे शंभर अपराध पोटात घाल.

महाभारतातला हा शिशुपाल. त्याच्या कथेचे दोन भाग आहेत आणि पहिला घडतो आपल्या वऱ्हाडात. अमरावती जिल्ह्यात, वर्धेच्या काठी असलेलं कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. भाऊ रुक्मी तिचं लग्न शिशुपालाशी ठरवतो, पण श्रीकृष्ण तिला हरण करून नेतो. हे हरण अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून झालं, अशी इथली श्रद्धा. अपमानित नवरदेव हात हलवत परततो. दुसरा भाग धर्मराजाच्या राजसूय यज्ञातला. तिथे अपराधांची शंभरी भरते आणि सुदर्शन चक्र शिशुपालाचं शिर उडवतं.

महानुभाव पंथाच्या कवींनी हे दोन्ही भाग मराठीत आणले. नरेंद्राचं ‘रुक्मिणीस्वयंवर’ १२९२चं. यादव राजा रामदेवरावानं सोनं देऊ करून ग्रंथावर आपलं नाव मागितलं आणि कवीनं ते नाकारलं, असं परंपरा सांगते. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला भास्करभट्ट बोरीकरांनी पुढची कथा घेतली आणि १०८७ ओव्यांचं ‘शिशुपालवध’ रचलं.

नाव वधाचं असलं तरी कवीचा जीव रमला तो दुसरीकडेच. संस्कृतात माघानं याच कथेवर वीस सर्गांचं महाकाव्य लिहिलं. त्याचा एकोणिसावा सर्ग म्हणजे अक्षरांच्या करामतींनी रचलेलं रणांगण. भास्करभट्टांच्या ओव्यांत मात्र रुक्मिणीचा विरह आणि तिचा श्रीकृष्णाशी चाललेला प्रेमाचा रुसवा यांनीच बरीच जागा व्यापली आहे. प्रत्यक्ष वध त्या मानानं थोडक्यात उरकतो.

ग्रंथ गुरुबंधूंच्या हाती गेला आणि त्यांचा अभिप्राय पंथानं जपून ठेवला. त्याचा आशय असा: ग्रंथ उत्तम उतरला आहे, पण संसार सोडलेल्यांच्या उपयोगाचा नाही, शृंगाराची आवड असलेल्या संसारी माणसांनाच तो रुचेल. मराठीत नोंदल्या गेलेल्या सर्वांत जुन्या ग्रंथसमीक्षांपैकी ही एक. किती नेमकी! गुण मान्य, दोष स्पष्ट, आणि पुस्तक कोणासाठी आहे तेही सांगितलेलं.

भास्करभट्टांनी वाद घातला नाही. त्यांनी नवा ग्रंथ लिहिला. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची ‘उद्धवगीता’, ८२७ ओव्यांची. इथे रुसवेफुगवे नाहीत. निजधामाला निघालेला श्रीकृष्ण उद्धवाला वैराग्य सांगतो.

मला सगळ्यात थक्क करते ती पुढची गोष्ट. पंथानं ठपका ठेवलेला ग्रंथ फेकून दिला नाही. महानुभावांच्या पूज्य ‘साती ग्रंथां’त ‘शिशुपालवध’ आणि ‘उद्धवगीता’ दोन्ही आहेत. त्याच सातांत अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचं ‘रिद्धपूरवर्णन’ आहे, आणि विश्वनाथ बाळापूरकरांचा ‘ज्ञानप्रबोध’ही. हे बाळापूर अकोला जिल्ह्यातलं. पुढे हे वाङ्मय सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकं बंद राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली आणि बाहेरचे वाचक आत आले. या नव्या अभ्यासकांनी ‘शिशुपालवधा’ला डोक्यावर घेतलं ते नेमकं त्या शृंगारासाठी, ज्याला गुरुबंधूंनी नाक मुरडलं होतं.

माझ्या मते दोन्ही निकाल खरे आहेत. गुरुबंधूंनी साधकाच्या नजरेनं वाचलं, अभ्यासकांनी रसिकाच्या. २०२४पासून रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभं आहे. तिथल्या, आणि अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्यांनो, ‘शिशुपालवध’ आणि ‘उद्धवगीता’ एकापाठोपाठ एक वाचा. टीका कशी करावी आणि कशी पचवावी, हे शिकायला याहून जुनी, याहून घरची शाळा मराठीत सापडणं कठीण.