टकटक थांबली तेव्हा

"मिस कधी मारायली? सकाळी चालू केल्याबरोबर, का तापल्यावर?"

अंबड चौफुलीजवळच्या गॅरेजात मिस्त्रींनी बॉनेटला हात लावायच्या आधीच हे विचारलं आणि मी गडबडलो. याआधी दोन ठिकाणी गाडी दाखवली होती. तिथे कुणी हे विचारलं नव्हतं. दोन्हीकडे स्कॅनर लागला, दोन्हीकडे पी ०३०२ हाच कोड आला. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे दोन नंबर मिस मारतोय. एकाने तिन्ही प्लग बदलले, दुसऱ्याने दोन नंबरची कॉइल आणि इंजेक्टर. साडेसात हजार गेले. तरी पुढे सळयांचा ट्रेलर वळायला लागला की थांबलेली माझी गाडी थरथरायचीच.

आठवून सांगितलं : तापल्यावर, तेही उभी असतानाच. सकाळी ठीक, समृद्धी महामार्गावर वेगात काही जाणवत नाही.

"मग बदनापूरला जाऊन या. थंड गाडीत काय दिसणार?"

परत आलो तर मिस्त्री सायलेन्सरमागे उकिडवे बसले आणि तळहात धरला. मलाही धरायला लावला. उभं इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेतं तेव्हा प्रत्येक सिलिंडर चारशे वेळा पेटतो. त्यातला एक चुकला की हाताला लागणाऱ्या फुंकरींत खड्डा पडतो. तो लागला. मग त्यांनी एक आणि दोनच्या कॉइलची अदलाबदल केली. दोष कॉइलमध्ये असता तर कोड तिच्यामागे एकवर गेला असता. तो दोनवरच राहिला. पेट्रोलवर चालवली, सीएनजीवर चालवली, थरथर तीच. ठिणगी आणि इंधन दोन्ही सुटले. उरलं कॉम्प्रेशन.

प्लग काढून गेज लावला. एक आणि तीनला १७० पीएसआय, दोनला ११५. दोनमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट बुजून काटा वर चढला असता. तो जागचा हलला नाही. पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली, तेव्हा सायलेन्सरमधून सूं असा आवाज आला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नव्हता.

"सर, पहिले टॅपेटची टकटक यायची ना? ती कधी बंद झाली?"

दिवाळीच्या सुमारास. मी खूश होतो तेव्हा, इंजिन मऊ झालं म्हणून!

भाग झिजला की तो खुळखुळतो, अशी आपली समजूत. इथे उलटं घडतं. सीएनजी कोरडा जळतो; व्हॉल्व्ह सीटवर आपटून आपटून सीट खचते, व्हॉल्व्ह तिच्यात रुततो आणि त्याची दांडी दुसऱ्या टोकाला तेवढीच वर येते. दांडी आणि तिला दाबणाऱ्या टॅपेटमधली फट भरून जाते. टकटक त्या फटीचीच होती. इंजिन तापलं की दांडी आणखी लांबते, फट संपते आणि व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो. वेगात हवेला निसटायला वेळ मिळत नाही, म्हणून समृद्धीवर गाडी निर्दोष. स्कॅनरने जागा बरोबर सांगितली होती. कारण सांगणं त्याचं काम नव्हतंच, आणि ते त्याच्याकडून काढून घ्यायला गेलेल्यांची बिलं माझ्याकडे आहेत.

टॅपेट थंड इंजिनावर सेट करतात, म्हणून गाडी रात्रभर तिथेच ठेवली. सकाळी झाकण उघडून फिलर गेज घातला. हवी होती ०.२० मिलिमीटर फट, ०.०५ ची पट्टी कशीबशी शिरली. पान्याने नट सैल, स्क्रू जरासा उलटा, पट्टी ओढून अंदाज, नट घट्ट. व्हॉल्व्ह अजून जळलेला नव्हता, म्हणून हेड उतरवावं लागलं नाही. पुन्हा बदनापूरची फेरी झाली, दोन नंबर १६० वर आला.

मजुरी ६०० रुपये. काढलेली जुनी कॉइल डिकीतच होती. मिस्त्रींनी ती लावून बघितली. चांगली होती.